सादळू दे

त्या सकाळी स्वरूपाच्या छपाईच्या खोलीत होतं ते असं: सतरा इंची फोटो प्रिंटर एक, शाईची कार्ट्रिजं दहा, पैकी फिकट करडं संपत आलेलं, सुती कागदाची पाकिटं सात, त्यांतलं एक फोडलेलं, पांढरे हातमोजे तीन जोड, एकाचा डावा सापडत नव्हता, ह्युमिडिफायर एक, टाकी निम्मी, खिडकी एक, बंद, फटींना चिकटपट्टी, भिंतीवर नमुन्याचे फोटो नऊ, आणि हवेतला ओलावा मोजणारे मीटर दोन. कालपर्यंत मीटर एकच होता. दुसरा तिनं कागदाच्या कपाटात ठेवायला मागवला होता, तो आज आला. कपाटात ठेवण्याआधी, कंपनीच्या लॅबमधली जुनी सवय म्हणून, तिनं तो पहिल्याच्या शेजारी टेबलावर ठेवला आणि चहा गाळायला गेली. चहा घेऊन परत आली तेव्हा जुना मीटर एक्केचाळीस टक्के दाखवत होता आणि नवा सव्वीस.

चहाच्या वाफेनं असं होत असेल म्हणून तिनं कप स्वयंपाकघरात नेऊन ठेवला. वाफेनं आकडा वर गेला असता, खाली आला नसता, हे तिला कप ठेवताना कळलं, तरी ठेवला. मग दोन्ही मीटरांच्या जागा बदलल्या. दहा मिनिटांनी पाहिलं तर आकडेही मीटरांबरोबर गेले होते. म्हणजे जागेचा प्रश्न नव्हता. दोघांतला एक चुकत होता, किंवा दोघेही, पण पंधराचा फरक खोलीत होता आणि तो कुठे जाणार नव्हता.  काळजी कागदाची नव्हती. कागद पुन्हा मागवता येतो. गेल्या एप्रिलमध्ये याच जुन्या मीटरच्या भरवशावर ती आईला एक वाक्य बोलली होती. त्यानंतर सोळाव्या दिवशी आई मामाकडे लग्नाला म्हणून औशाकडच्या गावी गेली. लग्नाला दहा महिने झाले. मामाच्या त्या मुलीला आता दिवस गेले होते, आणि आई अजून पुण्याला, चिखलीच्या घरी, परत आली नव्हती. मीटर बरोबर असेल तर ते वाक्य कठोर होतं, पण खरं होतं, असं स्वरूपा दहा महिने धरून बसली होती. मीटर चुकत असेल तर धरायला काहीच उरत नव्हतं.

कोण चुकतंय हे ठरवायला फार काही लागत नाही. बाटलीच्या बुचात चमचाभर मीठ घ्यायचं, त्यात थेंब थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करायचं, ते बूच आणि मीटर एका बंद पिशवीत ठेवायचे आणि आठ तास थांबायचं. ओल्या मिठावरच्या कोंडलेल्या हवेत पंचाहत्तर टक्के ओलावा असतो; चिखलीत असो की आणखी कुठे, मीठ त्यात फरक करत नाही. एमएस्सीच्या पहिल्या वर्षाला तिनं हे केलं होतं. चाकणच्या कंपनीत तर तिचं कामच ते होतं. रंगकामाच्या लॅबमधल्या प्रत्येक यंत्रावर हिरवा स्टिकर, त्यावर तपासल्याची तारीख आणि पुन्हा तपासायची तारीख. तिथले सिनियर गोरक्षभाऊ म्हणायचे, "मॅडम, स्टिकर नसलेलं यंत्र म्हणजे लग्नाच्या बैठकीतला मुलाचा पगार. ऐकून घ्यायचा, धरून चालायचं नाही." सगळी लॅब हसायची, तीही हसायची. आणि ती नोकरी सोडून घरातल्या एका खोलीत स्वतःचा छपाईचा स्टुडिओ टाकताना तिनं पहिली गोष्ट विकत घेतली ती हा मीटर. तीन वर्षांत त्यावर एकदाही कुठला स्टिकर लागला नाही. घरातली गोष्ट घरातली असते, तिच्यावर कोण तारीख टाकतं? दहाला वीस मिनिटं कमी असताना तिनं मीठ, बूच आणि दोन्ही मीटर पिशवीत घातले, पिशवी दाबून बंद केली, वहीत वेळ लिहिली. मग खुर्चीवर बसली. त्या दिवशी एका ग्राहकाचे बारा फोटो छापायचे होते, ते छापले नाहीत.

कोरड्या हवेशी तिची ओळख या खोलीतच झाली. पुण्याची हवा चांगली, असं सगळेच म्हणतात, पण कागदाला विचारलं तर तो वेगळं सांगेल. फेब्रुवारी लागला की दुपारी पाकिटातून काढलेल्या कागदाचे कोपरे आपोआप वर उचलायला लागतात, हात जोडल्यासारखे. छापताना तो कोपरा प्रिंटरच्या डोक्याला घासतो आणि नवरीच्या गालावर काळा ओरखडा उठतो. दोन कागद वेगळे करताना बारीक चट्चट् आवाज येतो, हातावरची लव उभी राहते, आणि खोलीतली धूळ कागदावर येऊन बसते. तिच्यावर शाई पडते, धूळ नंतर उडून जाते, पांढरा ठिपका राहतो. शाई नळ्यांच्या तोंडाशी सुकते. हे सगळं तिला पुस्तकातून समजलं आणि मग अंगावर समजलं. दिवसअखेर तिचे ओठ फाटलेले असत. म्हणून ह्युमिडिफायर आला. पांढरी थंड वाफ सोडत तो दिवसभर बसलेला असे. तिची आई, सुभद्राबाई, त्याला हुक्का म्हणायची. पहिल्या दिवशी ती दाराशी उभी राहून बराच वेळ बघत राहिली, आणि मग म्हणाली की पाणी कुठं जायलंय हे. स्वरूपा म्हणाली, हवेत. आईनं वर बघितलं. छताकडे, जणू तिथे ते साठलेलं दिसेल. मग विचारलं, आणि परत कवा येतं?

हा प्रश्न विनोदाचा म्हणून स्वरूपानं चार जणांना सांगितला. सांगताना आईचा आवाजही काढला. ज्या गावात बाईचं वय तिनं किती लांबून घागर आणली यावरून सांगता यावं, तिथून आई लग्न होऊन आधी भोसरीला, मग चिखलीला आली होती, आणि नळाला दोन वेळ पाणी असलेल्या घरात पस्तीस वर्षं राहूनही तांदळाचं धुवण झाडाला, भाज्यांचं पाणी फरशीला, फरशीचं पाणी संडासात, असा प्रत्येक तांब्याचा तिचा ठरलेला प्रवास होता. वडील असेपर्यंत ते हसायचे. चार वर्षांपूर्वी ते गेले तेव्हा त्यांच्या शेवटच्या आंघोळीतलं उरलेलं गरम पाणीही तिनं टाकलं नाही. अशा बाईसमोर एक यंत्र दिवसाला सहा लिटर गाळलेलं पाणी रिकाम्या खोलीत उडवत होतं. स्वरूपा बाहेर गेली की आई ते बंद करायची. खाली स्कूटरचा आवाज आला की पुन्हा चालू. हे स्वरूपाला टाकीवरून कळलं. चार तासांत पाणी खालच्या रेघेला यायला हवं, ते वरच्या रेघेलाच असे. तिनं आईला रेघ दाखवली. आई पकडली गेल्यासारखी हसली आणि म्हणाली, "रिकाम्या खोलीला कशाला पाणी पाजायचं, बाई? तिला काय तहान लागती?"

तिला लागते, आई, असं तेव्हा म्हणता आलं असतं. स्वरूपानं त्याऐवजी टक्केवारी समजावली. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी धुणं घेऊन खोलीत आली. दोन खिळे ठोकून तिनं भिंतीपासून भिंतीपर्यंत दोरी बांधली आणि पिळलेल्या साड्या, चादरी, परकर ओळीनं वाळत घातले. म्हणाली, तुला हवेत पाणीच पाहिजे ना, मग धुण्यातलं घे. ते तसंही जायलंय. संध्याकाळी मीटरवरचा आकडा चौदानं वर गेला होता. यंत्राशिवाय, एक थेंबही वेगळा न खर्चता. स्वरूपाला ते मनातून फार आवडलं होतं; तिनं वहीत त्याचा तक्ताही केला होता, चादर एक म्हणजे किती, साडी एक म्हणजे किती. तो तक्ता अजून आहे. आठ दिवसांनी वाकडहून एक आयटीवाले गृहस्थ त्यांच्या पक्ष्यांच्या फोटोंचं प्रदर्शन छापायचंय म्हणून आले, वाकून आईच्या परकराखालून आत आले, सरळ उभे राहिले आणि नम्रपणे म्हणाले, अच्छा, घरगुती सेटअप आहे. त्याच दुपारी स्वरूपानं दोरी सोडली. आईला सांगितलं, धाग्यांची बारीक लव उडते, कागदावर बसते. हे खोटं नव्हतं. लव उडतेच. पण आईनं दोरी गुंडाळताना एकदाच तिच्याकडे बघितलं, आणि त्या बघण्यात लवेबद्दल काहीच नव्हतं. ती बाल्कनीत धुणं घालू लागली. खिळे राहिले. आता त्यांतल्या एकावर वाकडच्या गृहस्थांच्या खंड्या पक्ष्याचा फोटो टांगलेला आहे, तो दिसायला छान आहे, आणि स्वरूपा त्याच्याकडे सहसा बघत नाही.

अकरा वाजले. पिशवीत जुना बासष्टवर, नवा सत्तेचाळीसवर. दोघे चढत होते, आपापलं अंतर राखून. आत्ताच काही म्हणता येत नाही, असं तिनं स्वतःला सांगितलं. मिठाला वेळ द्यावा लागतो.

गोजाबाईंचा फोटो गेल्या वर्षी मार्चअखेरीला आला होता. महाळुंग्याहून त्यांची नातसून अनिता तो घेऊन आली, पत्र्याच्या नळीत घातलेला. अनिता तिकडे एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये कामाला होती, शिफ्ट सुटल्यावर टोपीसकट आली होती. नळीतून कागदाची एक घट्ट गुंडाळी निघाली, पोळीच्या लाटण्याएवढी, उसाच्या वाळक्या चिपाडासारखी कोरडी. देहूरोडच्या लष्करी डेपोत एकाहत्तर साली काढलेला कामगारांचा फोटो, तीन रांगांत सत्तेचाळीस माणसं, असं गोजाबाईंना आठवत होतं. त्यांत त्यांचे यजमान गेनू. पुढल्या वर्षी तापानं ते गेले. दुसरा फोटो नाही. चौपन्न वर्षं ही गुंडाळी आधी घराच्या आढ्यात, मग जमिनी कंपन्यांना गेल्यावर बांधलेल्या सिमेंटच्या घरात कपाटावर पडून होती, आणि आताच कुणाला ती उघडायची गरज पडली, कारण गोजाबाई आणि त्यांची जाऊ ठकुबाई यांच्यात भांडण लागलं होतं. ठकुबाई म्हणत, गेनूला मिशी होती. गोजाबाई म्हणत, नव्हती. अनिता हसत सांगत होती की दोघी एका ओट्यावर बसून एकमेकींशी आठ दिवस बोलल्या नाहीत. आजी म्हणतात, नवरा माझा का तिचा? पण अनिता निघताना थोडी थांबली आणि म्हणाली, ताई, त्या आता रात्री विचारतात, अनिता, खरंच असंल का गं मिशी? त्यांनाच आता खात्री नाही.

असा फोटो नुसता ओढून उघडायचा नसतो. वरचा थर जिलेटिनचा. ओलावा असला तर तो रबरासारखा वाकतो, नसला तर काचेसारखा फुटतो. म्हणून आधी त्याला ओलावा पाजायचा, हळूहळू. स्वरूपानं झाकणाचा मोठा प्लॅस्टिकचा डबा घेतला. तळाशी टिपकागदाचे चार थर, भिजवून, पिळून, जेणेकरून पाण्याचा थेंब कुठे सुटा राहणार नाही. त्यावर जाळी, जाळीवर गुंडाळी, शेजारी मीटर. झाकण लावलं. अकराला सुरू केलं आणि वाकडला पक्ष्यांच्या फ्रेमा पोचवायला गेली. घरी आई एकटी होती. तीनला ती परत आली तेव्हा डब्यातला मीटर ब्याऐंशी दाखवत होता. चार तास, ब्याऐंशी टक्के. पुस्तकाप्रमाणे पुरे होतं. पुस्तकाप्रमाणे गुंडाळीनं तोवर आपणहून सैल पडायला हवं होतं, तशी ती पडलेली नव्हती. तिनं ती बाहेर काढून टेबलावर ठेवली. आई दारात आली. हात पदराला पुसून तिनं तर्जनीच्या मागच्या बाजूनं गुंडाळीची कड हलकेच दाबून पाहिली, पापड वाळलाय का बघावं तशी, आणि म्हणाली, "आजून कडक हाय की गं. सादळू दे थोडं."

सादळणं हा शब्द स्वरूपानं तोवर फक्त बिघाड म्हणून ऐकला होता. फरसाण सादळतं, पापड सादळतो, काड्यापेटी सादळते आणि देवासमोर चार काड्या वाया जातात. आई मात्र तो वेगळ्या गावातून आणत होती. तिच्याकडे ज्वारीचा कडबा दिवसा बांधत नाहीत, उन्हात पाला झडून हातात नुसती ताटं राहतात. पहाटे दव पडून पाला सादळला की बांधतात. हरभराही तसाच उपटतात, नाहीतर घाटे तडकून दाणे रानात. सादळणं म्हणजे वस्तू हाताला कबूल होणं. हे सगळं स्वरूपाला ठाऊक होतं, लहानपणी सुट्टीत ती त्या पहाटेत गेलीही होती, बोटं गारठून, घाट्यांवरच्या आंबट ओलीनं हात चुरचुरत. आणि त्या दुपारी तिच्या स्वतःच्या बोटांनाही गुंडाळी कडकच लागली होती. हे तिनं नंतर कुणालाही सांगितलं नाही. बोट सांगत होतं एक आणि मीटर सांगत होता दुसरं, आणि तिनं पाच वर्षं जे शिक्षण घेतलं होतं ते याच प्रसंगासाठी होतं, असं तिला वाटलं. ती म्हणाली, ब्याऐंशी आहे, आई. आई म्हणाली, आसंल.

तिनं गुंडाळी उलगडायला घेतली. फुटण्याचा आवाज फार लहान झाला. तुरीची वाळलेली शेंग फुटावी एवढा. पहिली वीतभर गुंडाळी नीट उलगडली होती, डावीकडची माणसं एकेक करून उजेडात येत होती, टोप्या, बंद गळ्याचे सदरे, कुणाच्या तरी खिशात पेन; मग मधल्या रांगेतल्या सातव्या माणसापाशी तो आवाज झाला आणि थर वरून खालपर्यंत गेला. नाकाखालून हनुवटीपर्यंत काळ्यापांढऱ्या खपल्या उडाल्या आणि टेबलावर मिठासारख्या पडल्या. मागे पेन्सिलीनं नावं लिहिलेली होती. मधली रांग, डावीकडून सातवा, गेनू.

मग तिनं गणित मांडलं. तेव्हाच, उभ्या उभ्या, खपल्या गोळा करायच्याही आधी. चार तास ब्याऐंशी टक्के मिळाले असते तर फोटो फुटला नसता. फोटो फुटला. म्हणजे चार तास ब्याऐंशी नव्हते. मीटर आता ब्याऐंशी दाखवतोय, म्हणजे मध्ये कुणीतरी झाकण उघडलं, ओल काढली, आणि स्कूटरचा आवाज ऐकून पुन्हा जागच्या जागी ठेवली. घरात कुणीतरी म्हणजे एकच माणूस होतं, आणि त्याची ही सवय टाकीच्या रेघेवरून सिद्ध झालेली होती. किती व्यवस्थित होतं ते. कुठलीही पायरी सुटली नव्हती. आई म्हणाली, "म्या डब्याला हात लावला न्हाय." एकदाच म्हणाली. स्वरूपानं विचारलं, हुक्क्यालाही तू हात लावत नाहीस ना? आईनं पदराला पुन्हा हात पुसले. आणि मग ते वाक्य आलं, चढ्या आवाजात नाही, अगदी सावकाश, एखाद्या अहवालाचा शेवट वाचावा तसं.

"पाणी वाचवता वाचवता तू एक माणूस घालवलास, आई."

 आई खाली बसली आणि फरशीवर उडालेल्या खपल्या बोट ओलं करून एकेक टिपायला लागली. ओल्या बोटाला त्या चिकटून विरघळतील म्हणून स्वरूपा ओरडली, हात लावू नकोस. तेव्हा तिनं हात मागे घेतला, आणि त्यानंतर त्या खोलीत तिचं पाऊल पडलं नाही. चहा आणायची तो दाराबाहेर ठेवायची, खाली, उंबऱ्याशी. सोळा दिवस. जाताना तिनं ह्युमिडिफायरच्या टाकीसाठी गाळलेल्या पाण्याच्या पाच बाटल्या भरून ओट्यावर ओळीनं ठेवल्या होत्या.

एक वाजता जुना एक्क्याऐंशी, नवा पासष्ट. स्वरूपानं भात लावला, खाल्ला नाही. तिला आठवलं, जुलैत जुना मीटर सलग तीन आठवडे नव्याण्णव दाखवत होता आणि ती कौतुकानं म्हणाली होती, काय पाऊस आहे यंदा. तिला आठवलं, गेल्या हिवाळ्यात खोलीत पंचेचाळीस ठेवूनही कागद वळत होता म्हणून तिनं कागदवाल्याला तीन खरमरीत मेल लिहिले होते. जे जे पटत नव्हतं त्याला त्याला तिनं कुणीतरी शोधून दिलं होतं. कागदवाला, शाईची बॅच, आई. मीटरला कधीच काही विचारलं नव्हतं.

गोजाबाईंकडे ती स्वतः गेली होती, ते त्यातल्या त्यात बरं केलं. महाळुंग्यात कंपन्यांच्या भिंतींमधून गेलेल्या रस्त्यानं, कंटेनरांच्या रांगेमागे स्कूटर रखडवत. फोटो दोन काचांत धरून नेला होता. काय सांगायचं ते पाठ केलं होतं, त्यात थराचं कोरडेपण होतं, वयोमान होतं. आईचं नाव नव्हतं, आणि स्वतःचंही नव्हतं. गोजाबाईंनी काच मांडीवर घेतली, डोळ्यांना भिडवली, बोटानं चाचपत सातव्यापाशी आल्या.  ठकुबाई ओट्यावरून मान लांब करून बघत होत्या. मग गोजाबाईंनी विचारलं, "मिशी व्हती का न्हाई, तेवढं तरी कळतंय का?" स्वरूपा म्हणाली, नाही, आजी. त्यांनी मान हलवली. "मग ठकी जिंकली म्हना." ठकुबाई म्हणाल्या, "न्हाई गं, मी उगंच म्हनत व्हते. मला तरी कुठं ध्यानात हाय."  आणि मग, स्वरूपा उठायला लागली तेव्हा, गोजाबाईंनी काचेवर सातव्याच्या शेजारी बोट ठेवलं. "ह्यो शेजारचा वाचला का पुरा?" वाचला, स्वरूपा म्हणाली. "मंग बरं झालं. त्याचीबी बाई असंल कुठं तरी." त्यांनी चहा घेतल्याशिवाय जाऊ दिलं नाही. तिनं त्यानंतर घरी काढून ठेवलेल्या फोटोच्या स्कॅनवर खूप काम केलं. एका सॉफ्टवेअरनं उरलेल्या कपाळावरून आणि डोळ्यांवरून खालचा चेहरा बनवून दिला. त्यात गेनूला मिशी होती. तिनं तेच पुन्हा चालवलं तर मिशी नव्हती. पाच वेळा चालवलं, तीनदा होती, दोनदा नव्हती. तिनं पाचही फायली पुसून टाकल्या आणि फोटो जसा होता तसा छापून अनिताच्या हाती पाठवला. घरी येऊन आईला गोजाबाईंचं बोलणं सांगावं असं तिला फार वाटलं होतं. आईला ते आवडलं असतं. पण तेव्हा आई उंबऱ्याबाहेर चहा ठेवत होती.

तीन वाजता तिनं फोन लावला. अजून पावणेतीन तास होते, आणि आकडा कळल्यावर केलेला फोन हा आकड्याचा फोन होईल, असं तिला वाटलं. किंवा आकडा कळल्यावर धीर होणार नाही, असंही असेल. आईनं नेहमीसारखं पहिलं जेवलीस का विचारलं. मग सांगायला लागली की हरभरा काढायला चाललाय, पहाटे चारला रानात जातात सगळे, मामी म्हणते तुमी झोपा, पण झोप कुठं येती. दव यंदा चांगलं पडतंय. मामाच्या मुलीला सातवा लागलाय. तिकडच्या बाजूनं कोंबडं ओरडत होतं, भर दुपारी. स्वरूपा ऐकत राहिली आणि मग मध्येच म्हणाली, आई, त्या फोटोच्या दिवशी मी जे बोलले. पुढचं तिला जुळवता आलं नाही. 

"ते व्हय," आई म्हणाली. "म्याच उघडला हुता डबा."

स्वरूपानं विचारलं, कधी.

"तू गेलीस की लगीच. लई पाणी दिसलं त्यात. म्हणलं एवढं कशाला लागतंय, तर वतलं थोडं तुळशीला." आईचा आवाज अगदी साधा होता, भाजीचा भाव सांगावा तसा. "तवा तू तापली हुतीस, म्हणून न्हाय म्हणलं. आता सांगितलं. माझ्याच हातानं झालं ते, बाई. तू नको मनाला लावून घिऊ."

त्या डब्यात ओतण्यासारखं पाणी नव्हतं. थेंबही सुटा नव्हता. पिळलेला टिपकागद होता, चार थर. डबा ज्यानं उघडला असता त्याला हे दिसलं असतं. आईनं तो उघडलाच नव्हता, म्हणून त्यात काय होतं ते तिला माहीत नव्हतं, आणि दहा महिने रानात, चुलीपाशी, त्या पहाटेच्या दवात तिनं आत काय असेल ते मनानं रचलं होतं, आणि रचताना, अर्थातच, त्यात पाणी घातलं होतं. स्वरूपाला हे सगळं एका क्षणात दिसलं. फोन कानाला होता. आई वाट बघत होती, कबूल केलेलं मुलीनं घेतलं की नाही याची. आता बोलायला हवं होतं ते वाक्य लहान होतं, त्यात तीनच शब्द होते, तू उघडला नाहीस, आणि ते तिच्या फाटलेल्या ओठांपर्यंत आलंही होतं. पण ते बोललं असतं तर आईनं एवढ्या कष्टानं उभारलेलं खोटं आईच्याच हातात मोडलं असतं. आणि न बोलावं तर फोटो फुटल्याचा दोष आईच्याच नावावर कायमचा राहिला असता. स्वरूपा विचार करत राहिली. विचार करायला ती शिकलेली होती. तेवढ्यात आई म्हणाली, "बरं, ठिवते. मामीनं च्या ठिवलाय. ओठाला तूप लावत जा, फुटत्यात तुझे या दिवसात." स्वरूपा म्हणाली, बरं.

फोन टेबलावर ठेवला तेव्हा काचेवर तिच्या गालाचा ओला ठसा होता; तो कडेकडून आत आत सुकत गेला, पाऊण मिनिटात नाहीसा झाला. तिनं परत नंबर लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. रानातून आल्यावर आई फोन मामाच्या ट्रंकेवर ठेवून विसरते. ह्युमिडिफायरची टाकी संपली होती. तिनं ती भरली नाही. ती बाल्कनीत गेली, दोरीवरची वाळलेली चादर काढली, बादलीत बुडवून पिळली, खोलीत आणली. खंड्याचा फोटो आणि त्याच्या समोरचा फोटो काढून भिंतीला टेकवले. दोरी कुठे ठेवली होती ते सापडायला वेळ लागला.

संध्याकाळी सहा वाजून वीस मिनिटांनी, मीठ ठेवून आठ तास चाळीस मिनिटं झाल्यावर, तिनं पिशवी न उघडता दोन्ही आकडे वहीत लिहून घेतले. तापमान पंचवीस अंश. नवा मीटर: पंचाहत्तर. जुना मीटर: ब्याण्णव.